पाचशे बारा बाइटांची ओळ

माझ्या लिनक्सवर पिजिन हे चॅटचं सॉफ्टवेअर अजून आहे. लॅपटॉप नवा असो की जुन्यावर नव्याने प्रणाली टाकलेली असो, पहिल्या दिवशी जे प्रोग्रॅम चढतात त्यांत ते असतंच. मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९८ मध्ये ते लिहिलं. तेव्हा नाव वेगळं होतं. एओएल कंपनीशी ट्रेडमार्कवरून बरीच वर्षं वाद चालला आणि २००७ मध्ये त्याचं पिजिन झालं. कल्पना सरळ होती. याहूसाठी एक सॉफ्टवेअर, एमएसएनसाठी दुसरं, आयसीक्यूसाठी तिसरं असं कशाला? एकच खिडकी उघडायची आणि सगळी खाती तिच्यात जोडायची.

कॉलेजात असताना माझ्या पिजिनमध्ये याहू होतं, गूगल टॉक होतं आणि एक आयआरसीचं, म्हणजे इंटरनेट रिले चॅट या नुसत्या मजकुराच्या गप्पांच्या यंत्रणेचं, खातं होतं. त्यातली मोठी नावं एकेक करून गेली. एमएसएन मेसेंजर बहुतेक जगात २०१३ मध्ये बंद झाला. एओएलचा डिसेंबर २०१७ मध्ये. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला गेला आणि सायबर कॅफेत तासावर पैसे भरून गप्पा मारलेल्या एका अख्ख्या पिढीचं बोलणं त्याच्याबरोबर गेलं. गूगल टॉकला पिजिनसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅममधून जोडता येत होतं, ते दार जून २०२२ मध्ये मिटलं. आयसीक्यूने २६ जून २०२४ पर्यंत तग धरला. यादीत वयाने सगळ्यांत थोरलं होतं ते आयआरसी, १९८८ सालचं. ते आजही पहिल्या झटक्यात जोडलं जातं.

ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, हे त्याचं एक कारण, आणि ते सगळेच सांगतात. मला दुसरं कारण तितकंच मोलाचं वाटतं. आयआरसी इतकं साधं आहे की माणूस ते हाताने बोलू शकतो. अगदी शब्दशः. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं, नेटकॅट या सर्व्हरशी थेट जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने सर्व्हरच्या ६६६७ क्रमांकाच्या पोर्टला जोडायचं आणि टाइप करायला लागायचं. पहिली ओळ निक आणि आपलं टोपणनाव. दुसरी ओळ यूजर आणि त्यापुढे तीन-चार किरकोळ गोष्टी. सर्व्हर ००१ हा आकडा टाकून स्वागत करतो. मग जॉइन आणि चॅनेलचं, म्हणजे गप्पांच्या खोलीचं, नाव लिहिलं की ३५३ क्रमांकाच्या ओळीत आत बसलेल्यांची नावं येतात. काही वेळाने सर्व्हर पिंग म्हणतो. आपण तोच शब्द जोडून पाँग म्हणायचं, नाही म्हटलं तर थोड्या वेळाने तो आपल्याला बाहेर काढतो. बोलायचं असेल तर प्रिव्हमेसेज, चॅनेलचं नाव, एक अपूर्णविराम आणि आपलं वाक्य. बस. समोरच्याला आपण पिजिनमधून बोलतोय की नुसत्या हाताने, हे कळतही नाही.

हे मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यातलं काहीतरी कायमचं हललं. तोवर चॅट म्हणजे चौकोन, हिरवा ठिपका, हलणारी पेन्सिल. खाली काय चाललंय याचा विचारही मनात येत नसे. आता त्याच्या तळाशी पाँगपर्यंत सगळं माझ्या ओळखीचं होतं. आजच्या कुठल्याही मेसेजिंग ॲपबद्दल मी असं म्हणू शकत नाही, त्यांच्यावर काम करणारे इंजिनीअरही क्वचितच म्हणू शकत असतील.

हे सगळं फिनलंडच्या उत्तरेकडच्या ओउलू शहरातलं. यार्को ओइकारिनेन हा तिथल्या विद्यापीठाच्या माहितीप्रक्रिया विभागात काम करत होता. उन्हाळ्यात सर्व्हर सांभाळायचं काम त्याला पूर्ण दिवस पुरत नव्हतं. विद्यापीठाच्या बुलेटिन बोर्डावर जास्त लोकांना एकाच वेळी बोलता यावं म्हणून त्याने ऑगस्ट १९८८ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला. मे १९९३ मध्ये त्याचे नियम रीतसर छापले गेले. त्या दस्तऐवजात मला फार आवडणारं एक वाक्य आहे. आयआरसीचा उगम स्कँडिनेव्हियातला असल्यामुळे महिरपी कंस हे चौकटी कंसांचं लहान लिपीतलं रूप मानावं, असं ते सांगतं. वाचणाऱ्याला हे कोडं वाटतं. खरी गोष्ट अशी की फिनिश आणि स्वीडिश कॉम्प्युटरांच्या सात बिटांच्या जुन्या अक्षरसंचात कंसांच्या जागी तिथली दोन टिंबांची आणि वर्तुळाची अक्षरं बसवलेली होती. त्या लोकांच्या पडद्यावर तो कंस नव्हताच, ते त्यांच्या नावातलं अक्षर होतं. लिबेरा चॅटसारख्या आजच्या जाळ्यांवरही हा नियम चालू आहे. म्हणजे आज पुण्यात बसून कुणी टोपणनावात चौकटी कंस घातला, तर ओउलूतल्या वर्णमालेचा नियम त्याला लागू होतो.

आपली वर्णमाला त्यात नाही. देवनागरी टोपणनाव बहुतेक सर्व्हर घेतच नाहीत. वाक्य मात्र घेतात, कारण प्रिव्हमेसेजच्या पुढे काय लिहिलंय याच्याशी सर्व्हरला देणंघेणं नसतं. अडचण आहे ती लांबीची. १९९३ च्या नियमाप्रमाणे आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटांची, शेवटच्या दोन अदृश्य खुणांसह. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘नमस्कार’मध्ये हलंत आणि काना धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे एकवीस बाइट. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसतं, त्याच्या पोटात सहा चिन्हं आहेत, अठरा बाइट. वर आपलं वाक्य इतरांकडे जाताना सर्व्हर त्यापुढे आपलं टोपणनाव, यंत्राचा पत्ता आणि चॅनेलचं नाव जोडतो आणि तेही त्याच ५१२ मधून जातं. टोपणनाव जितकं लांब तितकी बोलायची जागा आखूड. हिशेब केला तर हातात साधारण चारशे तीस-चाळीस बाइट राहतात. मराठीत ते वीस-पंचवीस शब्द झाले.

आता बरेच प्रोग्रॅम लांब वाक्याचे तुकडे करून पाठवतात. जुने किंवा साधे प्रोग्रॅम तसं करत नाहीत, तिथे वाक्य मधेच तुटतं, आणि तुटताना एखाद्या चिन्हाचे तीनातले दोनच बाइट गेले तर शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. मराठीत बोलणाऱ्या आम्हा दोन-चार जणांना ही खूण चांगली ओळखीची आहे. ती दिसली की समोरचा थांबतो आणि उरलेलं वाक्य येण्याची वाट बघतो.

ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती इथून सुरू होते. डेस्कटॉपवर मराठी नीट दिसावी म्हणून जी धडपड झाली, ती बरीचशी अशाच ओळींमधून झाली.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द घ्या. पहिल्यात समुद्र आहे, दुसऱ्यात सह्याद्री. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी इतका फरक. हा फरक फक्त र कसा काढायचा यावर टिकलेला आहे: डोक्यावर रफार, की पुढच्या अक्षराला चिकटलेली ती आडवी वळणदार खूण. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी एवढंच गृहीत धरून ज्यांनी फाँट किंवा प्रोग्रॅम तपासले, त्यांना इथे काही बिघडलंय हे दिसायचंच नाही. आम्हाला मात्र ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांचा’ असं प्रत्येक परिच्छेदात दिसायचं. त्यात युनिकोडमध्ये ही खूण लिहायच्या दोन रीती रूढ झाल्या. एक खाली टिंब असलेल्या ऱ ला हलंत लावून, दुसरी साध्या र ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. शोध घ्यायला गेलं की एका रीतीने लिहिलेला ‘शेतकरी’ शब्दाचा षष्ठीचा प्रयोग दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्याला सापडत नाही.

एका छोट्या ओपन सोर्स संपादकात, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, ही खूण मोडून दिसत होती. त्याचं चॅनेल शोधलं, आत गेले, लिहिलं. आयआरसीवर एक रीत आहे: ‘एक विचारू का?’ असं विचारायचं नाही, थेट विचारायचं. मी थेट विचारलं. बराच वेळ काहीच आलं नाही. हे तिथे नेहमीचंच, माणसं चॅनेलमध्ये बसलेली असतात आणि कामात असतात. मी खिडकी उघडी ठेवून स्वयंपाकाला लागले. परत आले तर तो प्रोग्रॅम लिहिणाराच उत्तर देऊन बसला होता: ही दोन रूपं म्हणजे एकाच अक्षराच्या दोन शैली आहेत का, की त्याने अर्थ बदलतो? मी समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा यांचं उदाहरण दिलं. त्याचं पुढचं वाक्य होतं, ‘मग ही तर चूकच आहे.’ त्याने चिन्हांचे क्रमांक मागितले, मी दिले. त्याने मोडणाऱ्या शब्दांची फाइल मागितली, मी बनवली. त्याला देवनागरीचं एक अक्षर येत नव्हतं आणि मला त्याचा कोड अर्धाच कळत होता. तरी त्या संध्याकाळी आम्ही दोघं एकाच कोड्यावर वाकलो होतो. कंपनीच्या मदत केंद्राला कितीही वेळा फोन केला तरी ही जागा मिळत नाही. तिथे तक्रार नोंदवली जाते, इथे ती गोष्ट बनवणारा माणूस समोर असतो.

हीच अडचण मोठ्या पातळीवरही होती. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे दोन डेस्कटॉप. ग्नोमचे प्रोग्रॅम अक्षरं जुळवायला पँगो वापरत, केडीईचे प्रोग्रॅम क्यूटीमधली वेगळी यंत्रणा, ऑफिसचं सॉफ्टवेअर आणखी तिसरी. त्यामुळे एकच शब्द एका खिडकीत बरोबर आणि शेजारच्या खिडकीत मोडका. पुढे बेहदाद एस्फाहबोदच्या हार्फबझ या एकाच यंत्रणेवर हळूहळू सगळे आले आणि एका जागी दुरुस्त केलेलं सगळीकडे पोचू लागलं. लोहित ही फाँटमाला रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याने खुली केली. भारतीय भाषांचं त्यांचं बरंचसं काम पुण्यातून चालायचं. नंतर मुंबईच्या एक टाइपचं मुक्ता आलं, आयआयटी मुंबईचं शोभिका आलं. आज नव्या लिनक्सवर मराठी बातमी उघडली की ती नीट दिसते आणि कुणाला त्यात विशेष काही वाटत नाही. ते तसंच असायला हवं. फक्त ते आपोआप झालं नाही, एवढं लक्षात असावं.

मला स्वतःला हात घालायला सगळ्यात आवडतं ते फाँटकॉन्फिगचं. कीथ पॅकार्डने लिहिलेली ही यंत्रणा ठरवते की कुठल्या भाषेचं अक्षर आलं तर कुठला फाँट उचलायचा. टर्मिनलमध्ये एफसी-मॅच या तिच्या आज्ञेला भाषा मराठी आहे असं सांगितलं की ती आत्ता काय उचलेल ते दाखवते. अनेकदा उत्तर हिंदी वळणाच्या फाँटचं येतं, ज्यात ल आणि श आपल्या बालभारतीतल्यासारखे नसतात. घरच्या फोल्डरमध्ये दहा-बारा ओळींची एक फाइल ठेवायची, मराठीसाठी हा फाँट आधी असं लिहायचं, आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडायचा. मेनूतला, खिडकीच्या पट्टीवरचा, चॅटमधला प्रत्येक ल देठासकट आपल्या वळणाचा होतो. माझ्या आईला मी हे करून दिलं तेव्हा तिने चष्मा पुसून पडदा नीट पाहिला आणि म्हणाली, ‘हां, हे आपलं.’ तिला फाँटकॉन्फिगशी काही घेणं नव्हतं. शाळेत पस्तीस वर्षं फळ्यावर तिने तोच ल काढला होता.

चॅनेलमधल्या माणसांबद्दलही थोडं. आयआरसीवर चेहरा नाही, फोटो नाही. इंग्रजीत बोलताना मी बाई आहे हे कित्येक वर्षं कुणाला कळलं नाही आणि मला ते सोयीचं होतं, कारण ज्यांच्या नावावरून कळायचं त्यांना नको ते खासगी निरोप येताना मी पाहिले आहेत. मराठीत मात्र पहिल्याच क्रियापदाला लपता येत नाही. ‘आलो’ लिहायचं की ‘आले’? भाषांतराच्या एका कामात पुण्याचा एक जण भेटला आणि खासगी खिडकीत मराठीत आला, तेव्हा मी ‘आले’ लिहिलं आणि त्याने पुढच्याच ओळीत आधीच्याच सुरात प्लुरलच्या नियमाबद्दल विचारलं. त्याचं वय मला माहीत नव्हतं, माझं त्याला. दोघंही ‘तुम्ही’वर थांबलो. आज दोघांना एकमेकांची मुलंबाळं माहीत आहेत, तरी अहो-जाहोच चालू आहे.

शिकवण्याचंही इथे एक वळण होतं. दुर्गापूरच्या लिनक्स मंडळाने, डीजीप्लगने, २००८ पासून उन्हाळी प्रशिक्षण चालवलं ते पूर्णपणे आयआरसीवर. व्हिडिओ नाही, आवाज नाही. प्रश्न असेल तर नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं, म्हणजे हात वर केला. नंबर आला की प्रश्न विचारायचा. ज्याचं इंटरनेट रडतखडत चालतं त्या गावातल्या मुलालाही हा वर्ग पुरता मिळायचा, कारण एका ओळीला फार तर ५१२ बाइटच लागतात. व्हिडिओच्या वर्गात ज्याची लाइन कच्ची, तो मागच्या बाकावर. इथे तो प्रकार नव्हता.

मे २०२१ मध्ये या जगाची परीक्षा झाली. बहुतेक मुक्त प्रकल्प तेव्हा फ्रीनोड या जाळ्यावर होते. त्याच्या ताब्यावरून वाद झाला, चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि १९ मे रोजी लिबेरा चॅट सुरू केलं. उबुंटू, फेडोरा, जेंटू, विकिमीडिया अशी शेकडो चॅनेलं थोड्याच दिवसांत तिकडे गेली. मला काय करावं लागलं? सर्व्हरच्या पत्त्याची एक ओळ बदलली आणि टोपणनाव पुन्हा नोंदवलं. प्रोग्रॅम तोच, आज्ञा त्याच, माणसं तीच. याहू बंद झालं तेव्हा आम्ही विखुरलो होतो. इथे घर बदललं तरी बोलणं मोडलं नाही, ते नियम उघड्यावर लिहिलेले असल्यामुळेच.

त्याच्या उणिवा मला ठाऊक आहेत. आपण नसताना काय बोललं गेलं ते सर्व्हर ठेवत नाही, त्यासाठी आपल्या वतीने दिवसरात्र जोडलेलं राहणारं, बाउन्सर नावाचं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. मोबाइलवर हे फार गैरसोयीचं आहे. आवरण, म्हणजे पत्ता झाकण्याची सोय, न घेता आत गेलं तर आपला आयपी पत्ता सगळ्यांना दिसतो, आणि ही माझ्या मते खरी मोठी उणीव आहे. मोझिलाने २०२० मध्ये आपला आयआरसी सर्व्हर बंद करून मॅट्रिक्स ही नवी चॅट यंत्रणा घेतली, केडीई आणि ग्नोमही तिकडे सरकले, आणि मला त्यांचं चूक वाटत नाही. नवीन मुलांना त्यांच्या ओळखीच्या जागी भेटायलाच हवं. मॅट्रिक्सचे नियमही खुले आहेत. फक्त ते नेटकॅटने हाताने बोलता येत नाहीत, आणि मला ते जाणवतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेक्सचॅटच्या विकासकाने ही शेवटची आवृत्ती असं जाहीर केलं. खिडकीवालं, नवख्याला सांगावं असं ते सॉफ्टवेअर होतं. एकट्यादुकट्याच्या फावल्या वेळावर उभ्या असलेल्या गोष्टी अशाच संपतात. ज्यांनी त्या फुकट वापरल्या त्यांनी, म्हणजे आपण, अधूनमधून एखादा बग तपासून दिला, एखादं भाषांतर पुरं केलं, तर तो वेळ थोडा लांबतो.

मी सध्या वीचॅट वापरते, चिनी वुईचॅट नव्हे. सेबास्तियाँ एल्यू या फ्रेंच माणसाने २००३ मध्ये सुरू केलेलं, टर्मिनलमध्ये चालणारं. त्याला पायथनमधून स्क्रिप्ट जोडता येतात, म्हणून मी एक लिहिली आहे. टाइप करताना खालच्या पट्टीत किती बाइट उरले ते दिसतं आणि मर्यादा जवळ आली की ती आधीच्या पूर्णविरामापाशी, तो नसेल तर स्वल्पविरामापाशी वाक्य तोडायला सुचवते. चॅनेलचं नाव आणि माझा पत्ता ती आधीच वजा करते. मराठी लिहिणाऱ्या ओळखीच्या दोघांना दिली, काळं प्रश्नचिन्ह त्यांच्याकडून आता येत नाही.

टर्मिनलचं काम मात्र बाकी आहे. टर्मिनलचा पडदा सारख्या रुंदीच्या चौकटींचा असतो आणि ‘स्त्री’ने किती चौकटी घ्यायच्या यावर टर्मिनल आणि आतला प्रोग्रॅम यांचं एकमत लागतं. ते झालं नाही की कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. ऱ्हस्व इकार तर व्यंजनानंतर टाइप होतो आणि आधी दिसतो, तिथे काही टर्मिनल अजून अडखळतात. कोन्सोल, ग्नोमचं टर्मिनल आणि एमएलटर्म यांत काय काय वेगळं दिसतं ते मी शब्दवार लिहून ठेवते आहे. यादीत आत्ता ‘स्त्री’, ‘दऱ्या’, ‘कर्त्री’, ‘ऱ्हस्व’, ‘किंकर्तव्यविमूढ’ आणि ‘राष्ट्रीय’ आहेत. तुमच्या पडद्यावर आणखी कुठलं जोडाक्षर मोडत असेल तर टर्मिनलचं नाव, त्याची आवृत्ती आणि तो शब्द एवढं कळवा, यादीत घालून घेते.